शेवटच्या तासातले दोनशे अपलोड

निविदेची मुदत दुपारी तीनला संपत असेल, तर पुरवठादार अडीचला कागदपत्रे चढवायला बसतो, हे खरेदी विभागात काम केलेल्या कोणालाही वेगळे सांगावे लागत नाही. एका उत्पादक कंपनीसाठी आमच्या पुण्यातील कार्यालयात अशा निविदा स्वीकारणारे एक पोर्टल तयार होत होते आणि त्याच्या लोड टेस्टिंगचे, म्हणजे एकाच वेळी अनेक जण आले तर ते किती भार सोसते हे तपासण्याचे, काम माझ्याकडे आले. ग्राहकाची अपेक्षा एका वाक्यात मावणारी होती : दोनशे पुरवठादारांनी एकाच वेळी सरासरी ६० एमबीची झिप फाइल चढवली तरी पोर्टलने मान टाकू नये. या झिपमध्ये यंत्रभागांची रेखाचित्रे, दरपत्रक आणि स्कॅन केलेली प्रमाणपत्रे असत. मी तोवर बरीच वर्षे लोड टेस्टिंग करत होते, पण ती सगळी कामे लॉगिन, शोध, अहवाल अशी, काही किलोबाइटच्या देवाणघेवाणीची होती. मोठ्या फाइलींची चाचणी म्हणजे त्याच स्क्रिप्टला एक फाइल जोडणे, असे मी गृहीत धरले आणि वेळापत्रकात तिला तीन दिवस दिले. प्रत्यक्षात पाच आठवडे लागले.

पोर्टलची रचना साधी होती. समोर विनंत्या घेऊन मागे पाठवणारा एनजिंक्स हा वेब सर्व्हर, त्यामागे टॉमकॅट या जावा सर्व्हरवर चालणारे, स्प्रिंग बूट या फ्रेमवर्कवर बांधलेले ॲप्लिकेशन, फाइल आली की क्लॅमएव्ही या अँटिव्हायरसकडून तिची तपासणी, आणि ती निर्दोष ठरली की कायमच्या फोल्डरमध्ये रवानगी. हे सारे १६ जीबी रॅमच्या एकाच क्लाउड सर्व्हरवर होते. चाचणीसाठी मी जेमीटर हे नेहमीचे साधन निवडले, जे अनेक वापरकर्त्यांच्या विनंत्या एकदम सर्व्हरकडे पाठवते.

पहिले दोन दिवस स्क्रिप्ट चालण्यातच गेले. ब्राउझरमधून अपलोड करून जेमीटरच्या रेकॉर्डरने ती विनंती पकडली, पुन्हा चालवली, तर सर्व्हर ४०० हा चुकीच्या विनंतीचा कोड देऊन सांगे की विनंतीत फाइलचा भागच नाही. फाइल तर समोर दिसत होती. ब्राउझर फॉर्ममधील फाइल पाठवताना मजकुराच्या भागांमध्ये एक सीमारेषा घालतो, दर वेळी नवीन अक्षरे वापरून, आणि ती सीमारेषा कोणती हे कंटेंट टाइप या हेडरमध्ये, म्हणजे विनंतीच्या सुरुवातीच्या माहितीच्या ओळीत, सांगतो. आमच्या जुन्या आवृत्तीतील रेकॉर्डरने ते हेडर जसेच्या तसे जपून ठेवले होते, तर जेमीटर मजकुरात स्वतःची नवी सीमारेषा घालत होते. सर्व्हर बिचारा ब्राउझरची जुनी खूण शोधत फाइलच्या शेवटापर्यंत जाई आणि रिकाम्या हाताने परते. हेडर मॅनेजरमधून ती एक ओळ काढून टाकली आणि मल्टिपार्टची, म्हणजे अशा अनेक भागांच्या विनंतीची, खूण सँपलरवरच (विनंती पाठवणाऱ्या घटकावरच) लावली, तेव्हा पहिले अपलोड यशस्वी झाले. रेकॉर्डिंगच्या वेळी फाइल जेमीटरच्या बिन फोल्डरमध्ये असावी लागते, कारण ब्राउझर फक्त नाव पाठवतो, पूर्ण मार्ग नाही. हेही मला त्याच वेळी कळले.

मग मी दोनशे थ्रेड, म्हणजे दोनशे आभासी वापरकर्ते, लावले आणि जेमीटरच बंद पडले. त्याला सुरुवातीला जावाची १ जीबी हीप, म्हणजे कामाची मेमरी, मिळते. एका सहकाऱ्याने फाइलचा संपूर्ण मजकूर एका फंक्शनने स्ट्रिंगमध्ये वाचून विनंतीच्या बॉडीत, म्हणजे मुख्य मजकुरात, टाकण्याचा प्रयोग स्क्रिप्टमध्ये ठेवला होता, म्हणजे प्रत्येक थ्रेडमागे ६० एमबी आणि वर स्ट्रिंगचा फुगवटा. ते काढून सँपलरच्या फाइल अपलोड टॅबमध्ये फक्त फाइलचा मार्ग दिला की जेमीटर ती डिस्कवरून तुकड्या-तुकड्याने वाचत पाठवते आणि मेमरी जवळजवळ वाढत नाही. प्रत्येक निकाल झाडासारखा दाखवणारा लिसनर बंद केला आणि चाचणी जीयूआयशिवाय (खिडक्या-बटणांच्या पडद्याशिवाय), टर्मिनलवरून चालवू लागले. पायथनमधले लोकस्ट हे असेच साधन वापरणाऱ्यांचीही इथेच फसगत होते, कारण त्याखालची रिक्वेस्ट्स लायब्ररी मल्टिपार्टची पूर्ण बॉडी आधी मेमरीत बांधते. साधन कोणतेही असो, ते फाइल वाहत पाठवते की गिळून पाठवते, हे आधी पाहावे.

आता चाचणी चालली, पण निकालांत सर्व्हरने द्यायचा एचटीटीपीचा कोड जवळजवळ नव्हताच. तुटलेला पाइप, रीसेट झालेली जोडणी, अशा सॉकेटच्या, म्हणजे जोडणीच्या पातळीवरच्या, तक्रारींनी फाइल भरली होती. अधूनमधून एखादा ४१३. नेटवर्क खराब आहे, असा आमच्या बैठकीत निष्कर्ष निघाला आणि दीड दिवस आम्ही फायरवॉलच्या मागे लागलो. साप साप म्हणून भुई धोपटणे ते हेच. उत्तर एनजिंक्सच्या एरर लॉगमध्ये पहिल्याच ओळीत होते : बॉडी मर्यादेपेक्षा मोठी. या मर्यादेचे मूळ मूल्य १ एमबी असते. आमच्या लोकांनी ते ५० एमबी केले होते आणि हाताने तपासताना सर्वांनी दोन-चार एमबीच्या फाइली वापरल्या होत्या. सर्व्हरला फाइलचा आकार हेडरमध्येच कळतो, म्हणून तो सुरुवातीलाच ४१३, म्हणजे ‘मजकूर फार मोठा’ हा नकार, लिहून मोकळा होतो. पाठवणारा मात्र अजून पाठवतच असतो. एनजिंक्स उरलेला मजकूर वाचून टाकून देण्याची तसदी घेतो, पण ती साधारण ३० सेकंदच. त्यानंतर जोडणी तुटते आणि उत्तर वाचण्याआधीच लिहिणाऱ्याचा हात मोडतो. नकार स्पष्ट असतो, पण तो ऐकण्याची संधी क्लायंटला मिळत नाही.

ती मर्यादा १५० एमबी केल्यावर तोच खेळ एक पायरी आत झाला. स्प्रिंग बूटमध्ये एका फाइलची मर्यादा मूळ १ एमबी आणि पूर्ण विनंतीची १० एमबी असते. डेव्हलपरने पहिली वाढवली होती आणि दुसरी विसरला होता. नाकारलेल्या विनंतीचा उरलेला मजकूर टॉमकॅट फक्त २ एमबीपर्यंत गिळतो आणि मग जोडणी तोडतो, त्यामुळे एनजिंक्सला लिहिता लिहिता धक्का बसे आणि तो ५०२, म्हणजे मागच्या सर्व्हरकडून नीट उत्तर न आल्याचा कोड, देई. तेव्हापासून कोणत्याही अपलोड चाचणीत मी सर्वांत आधी, एकाच थ्रेडने, अपेक्षित असलेली सर्वांत मोठी फाइल पाठवून पाहते. दोनशे थ्रेडच्या गोंधळात जे शोधायला दोन दिवस लागतात, ते त्यात दहा मिनिटांत सापडते.

यानंतर आली ती खरी फजिती. दोनशेही अपलोड यशस्वी झाले, पण सरासरी वेळ सतरा मिनिटांच्या आसपास होता. तो आकडा ग्राहकाच्या बैठकीत गेला, ॲप्लिकेशनच्या टीमला कोड तपासण्याचे आदेश निघाले आणि सर्व्हर दुप्पट मोठा घेण्याचे अंदाजपत्रकही कोणीतरी मागवले. मला खटकत होते ते इतकेच, की त्या संपूर्ण काळात सर्व्हरचा सीपीयू पाच टक्क्यांच्या वर गेला नव्हता. त्याच संध्याकाळी नेटवर्क विभागातील गृहस्थ वर आले आणि दारातूनच म्हणाले, “मॅडम, तुम्ही दुपारपासून काय पाठवताय? सगळ्या मजल्याचे व्हिडिओ कॉल गोठलेत.” मी कागद घेतला. दोनशे गुणिले ६० एमबी म्हणजे १२,००० एमबी. कार्यालयाची लाइन १०० एमबीपीएसची (सेकंदाला १०० मेगाबिट, आणि आठ बिटांचा एक बाइट), म्हणजे सेकंदाला फार तर १२.५ एमबी. भागाकार ९६० सेकंद, अर्थात सोळा मिनिटे. दोनशे जण एकाच वेळी निघाले आणि लाइन सारखी वाटून घेतली, तर सगळेच सोळा मिनिटांच्या जवळपास पोहोचणार. आम्ही दोन दिवस अत्यंत काटेकोरपणे स्वतःच्याच इंटरनेट लाइनची मोजणी केली होती. हा भागाकार चाचणीच्या आधी करायचा असतो. मी तो नंतर केला, आणि पुढच्या बैठकीत फळ्यावर लिहून दाखवला, एवढेच माझ्या बाजूने सांगता येईल.

यात मोजमापाचाही दोष होता. जेमीटर ज्याला लेटन्सी म्हणते, ती विनंती पाठवायला सुरुवात केल्यापासून उत्तराचा पहिला अंश येईपर्यंतची वेळ. साध्या पानासाठी ती सर्व्हरच्या विचाराची वेळ मानली तर चालते, पण अपलोडमध्ये तिच्यात फाइल तारेवरून जाण्याचा सगळा वेळ सामावतो. त्यामुळे एकूण वेळ आणि लेटन्सी हे दोन स्तंभ जवळजवळ सारखे दिसतात आणि दोघांतून काहीच कळत नाही. म्हणून मी एनजिंक्सच्या ॲक्सेस लॉगमध्ये प्रत्येक विनंतीसाठी तीन गोष्टी लिहून घेतल्या : विनंतीची एकूण वेळ, मागच्या ॲप्लिकेशनने घेतलेली वेळ आणि विनंतीची लांबी. मूळ मांडणीत एनजिंक्स पूर्ण बॉडी स्वतःकडे घेऊन मगच ती मागे पाठवतो, त्यामुळे पहिल्या आकड्यातून दुसरा वजा केला की राहतो तो फाइल तारेवरून येण्याचा वेळ. सतरा मिनिटांपैकी ॲप्लिकेशनच्या खात्यावर काही सेकंद निघाले. कोड तपासायला बसलेल्या टीमने त्या संध्याकाळी मला चहा पाजला.

जेमीटरचे यंत्र मग सर्व्हरच्याच क्लाउड विभागात हलवले, जिथे दोघांमध्ये भरपूर बँडविड्थ होती. आता पहिले दहा-बारा सेकंद सगळे झपाट्याने चाले आणि मग चित्र अचानक गोठे. लिनक्स लिहायला आलेला मजकूर आधी रॅममध्ये साठवतो; उपलब्ध मेमरीच्या सुमारे २० टक्के भाग असा न लिहिलेला जमला की तो लिहिणाऱ्या प्रक्रियांनाच थांबवून धरतो. म्हणजे पहिले काही जीबी फुकटात गेले आणि नंतर डिस्कचा खरा वेग समोर आला. ही डिस्क ॲमेझॉनच्या जीपी३ प्रकारची होती आणि तिचा पायाभूत वेग सेकंदाला १२५ एमबी असतो. १२ जीबीला त्या वेगाने दीड मिनिट पुरायला हवे होते, पण डिस्कचा वापर दाखवणाऱ्या आयओस्टॅटमध्ये डिस्क चार-पाच मिनिटे शंभर टक्के व्यग्र दिसे. कारण प्रत्येक फाइल तीनदा लिहिली जात होती : एनजिंक्स ती त्याच्या तात्पुरत्या फोल्डरात लिही, टॉमकॅट पुन्हा स्वतःच्या तात्पुरत्या फोल्डरात, आणि तपासणीनंतर ॲप्लिकेशन तिसऱ्यांदा कायमच्या जागी. टॉमकॅटचा तात्पुरता फोल्डर आणि कायमची जागा वेगवेगळ्या पार्टिशनवर (डिस्कच्या स्वतंत्र भागांवर) असल्यामुळे साधे नाव बदलण्याऐवजी पूर्ण प्रत निघे. दोन्ही एकाच पार्टिशनवर आणले आणि तिसरे लेखन नाहीसे झाले. एनजिंक्सचा फोल्डर वेगळ्या डिस्कवर नेल्यावर उरलेली दोन लेखनेही एकमेकांच्या वाटेत येईनाशी झाली. ॲप्लिकेशनचा तात्पुरता फोल्डर मूळ स्लॅश टीएमपी या लिनक्सच्या तात्पुरत्या जागेखाली असेल आणि सर्व्हर बरेच दिवस सुरू असेल, तर सिस्टिमची साफसफाई तो फोल्डरच उडवू शकते आणि अपलोड एका रात्रीत बंद पडतात. तोही धोका त्या बदलाने टळला.

आता एक गोष्ट मला फारच चांगली वाटू लागली होती आणि अशा वेळी संशय घ्यावा हे शिकायला पुरेशी वर्षे या कामात गेली आहेत. व्हायरस तपासणी प्रत्येक फाइलला क्षणभरच घेत होती. पहिले कारण लगेच मिळाले : मी दोनशे थ्रेडना एकच फाइल दिली होती आणि निर्दोष ठरलेल्या फाइलींची आठवण क्लॅमएव्ही कॅशेमध्ये ठेवतो. तीच फाइल पुन्हा आली की तो तिला ओळखून सोडून देतो. वेगळ्या फाइली करण्यासाठी कोणी शून्यांनी भरलेली किंवा यादृच्छिक बाइटची फाइल सुचवतात, पण त्या झिप म्हणून उघडतच नाहीत, मग तपासणाऱ्याला आत शिरण्याचे कष्टही पडत नाहीत. मी ग्राहकाकडून जुनी, संवेदनशील तपशील पुसलेली रेखाचित्रे मागवली, त्यांच्या ४० ते १०० एमबीच्या झिप बांधल्या आणि प्रत्येकीत एक छोटी, वेगळ्या क्रमांकाची मजकूर फाइल घातली. दोनशे नावे एका सीएसव्हीमध्ये ठेवून प्रत्येक थ्रेडला त्याची स्वतःची झिप दिली.

तरीही तपासणी क्षणभरात. दुसरे कारण कॉन्फिगरेशनमध्ये निघाले आणि ते वाचून मी खुर्चीत ताठ झाले. आमच्या सर्व्हरवर तपासायच्या फाइलीची कमाल मर्यादा २५ एमबी लिहिलेली होती, आणि त्याहून मोठी फाइल क्लॅमएव्ही न तपासता सोडतो. मर्यादा ओलांडल्याची सूचना द्यायला मुद्दाम सांगितलेले नसेल, तर ती निर्दोष म्हणूनच पुढे जाते. आमच्या पोर्टलवर आलेली जवळजवळ प्रत्येक निविदा, चाचणीतली आणि चाचणीबाहेरची, अशी न तपासता गेली असती. वेगाची चाचणी करता करता सुरक्षेतले भगदाड हाती लागले, आणि मला वाटते या संपूर्ण उपद्व्यापातला तोच सर्वांत मोलाचा शोध होता.

मर्यादा वाढवली आणि अपेक्षेप्रमाणे सगळे कोसळले. दोनशेपैकी सुमारे सत्तर अपलोड यशस्वी, बाकीच्यांना ५०४ हा वेळ संपल्याचा कोड, आणि एनजिंक्सच्या लॉगमध्ये ॲप्लिकेशनने घेतलेली वेळ प्रत्येक अपयशी विनंतीसमोर ६०.०० च्या आसपास. कोणताही आकडा इतका गोल आला की तो यंत्राच्या दमछाकीचा नसतो, कोणीतरी लिहून ठेवलेल्या मर्यादेचा असतो. मागून साठ सेकंद काहीच ऐकू आले नाही, तर एनजिंक्स वाट पाहणे सोडून ५०४ देतो. आणि वाट का पाहावी लागत होती? क्लॅमएव्हीचा डेमन (मागे सतत चालणारा प्रोग्राम) मूळ मांडणीत एका वेळी दहाच थ्रेड चालवतो, म्हणजे दहाच फाइली तपासतो. दहा एकदम चालू असताना आमच्या एका झिपला सरासरी आठ सेकंद लागत. साठ सेकंदांत अशा सात फेऱ्या, म्हणजे सत्तर फाइली. हिशेब इतका तंतोतंत जुळला की मला बरे वाटले. आजवरच्या गोंधळात पहिल्यांदाच कागद आणि यंत्र एकच बोलत होते.

साठ सेकंदांचे तीनशे करा, असा सल्ला लगेच आला. मी त्याआधी जेमीटरच्या निकालातील यशस्वी ओळी आणि सर्व्हरवरच्या फाइली मोजून पाहिल्या. यशस्वी ओळी सत्तर, फाइली दोनशे. एनजिंक्सने क्लायंटला ५०४ दिले तरी मागचे ॲप्लिकेशन आपले काम निमूट पूर्ण करत होते. पुरवठादाराला पडद्यावर अपयश दिसणार, तो घाबरून पुन्हा बटण दाबणार, आणि त्याची निविदा दोनदा, कदाचित वेगवेगळ्या दरांनी, नोंदवली जाणार. शेवटच्या दहा मिनिटांत हे पुन्हा दाबणे रांग आणखी लांबवणार, ते वेगळेच. मर्यादा वाढवून हा दोष फक्त दूर ढकलला गेला असता. शेवटी ॲप्लिकेशनच्या टीमने तपासणी विनंतीच्या बाहेर काढली : फाइल पूर्ण पोहोचली की लगेच पोच क्रमांक द्यायचा, तपासणी मागे रांगेत चालवायची आणि निकाल पुरवठादाराच्या पानावर दाखवायचा. प्रत्येक निविदेसोबत एक अनन्य खूण पाठवायची, म्हणजे तीच निविदा दुसऱ्यांदा आली तर नवी नोंद न होता जुनीच पोच परत मिळेल. हा बदल लिहायला दहा दिवस लागले आणि पाच आठवड्यांतले ते दहा दिवस माझ्या मते सार्थकी लागले.

अखेरच्या फेरीत मी पुरवठादारांचे खरे रूप आणण्याचा प्रयत्न केला. इचलकरंजीच्या किंवा साताऱ्याच्या लहान कारखानदाराकडे क्लाउडमधली तार नसते. तो बहुधा फोनचा हॉटस्पॉट लावून बसलेला असतो. जेमीटरच्या गुणधर्मांमध्ये सॉकेटचा वेग सेकंदाला किती अक्षरे असावा हे ठरवता येते. मी त्यात ५,२४,२८८ हा आकडा दिला, जो ४ एमबीपीएसच्या अपलोडइतका होतो, आणि त्या वेगाने ६० एमबीला दोन मिनिटे लागतात. निम्मे थ्रेड असे संथ आणि निम्मे वेगवान, दोन वेगळ्या यंत्रांवरून. कोणाला भीती होती की बॉडी वाचण्याची साठ सेकंदांची मर्यादा या संथ लोकांना तोडून टाकील; पण ती मर्यादा संपूर्ण फाइलसाठी नसून लागोपाठच्या दोन वाचनांमधल्या शांततेसाठी आहे, त्यामुळे हळू पण अखंड येणाऱ्याला तिचा त्रास होत नाही. एनजिंक्स बॉडी स्वतःच साठवत असल्याने टॉमकॅटचे विनंत्या हाताळणारे मूळचे दोनशे थ्रेडही या संथ जोडण्यांत अडकून पडले नाहीत. दोनशेपैकी दोनशे यशस्वी, पोच क्रमांक दोनशे, फाइली दोनशे.

याच फेरीत एक प्रश्न उरला, ज्याचे उत्तर कोणत्याही कॉन्फिगरेशनमध्ये नव्हते. एनजिंक्स पूर्ण फाइल आल्यावरच ती ॲप्लिकेशनला देतो, म्हणून ॲप्लिकेशन नोंदवते ती वेळ अपलोड संपल्याची असते, सुरू झाल्याची नव्हे. दोन वाजून एकोणसाठ मिनिटांनी हॉटस्पॉटवरून बटण दाबणाऱ्याची निविदा तीन वाजून एक मिनिटाने नोंदवली जाई आणि उशिरा आलेली म्हणून बाद होई, तर त्याच क्षणी फायबरवरून बटण दाबणारा आत शिरे. मी त्या दोन विनंत्यांच्या लॉगच्या ओळी एकाखाली एक ठेवून ग्राहकाच्या खरेदी प्रमुखांना पाठवल्या. चार दिवसांनी त्यांचे उत्तर आले : अपलोडआधी एक छोटी विनंती पाठवून वेळेची नोंद घ्यावी, ती तीनच्या आत असेल तर फाइल पोहोचायला आणखी वीस मिनिटे द्यावीत, आणि निविदेच्या अटींमध्ये हे वाक्य छापावे. त्या छोट्या विनंतीची लोड टेस्ट मी दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणाआधी उरकली.